खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणाला घ्यावं, कोणाला नको

'फाइंडिंग निमो' या २००३ सालच्या चित्रपटात सिडनीतल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात समुद्री माशांची टाकी आहे. निमो हा क्लाउनफिश तिथे येऊन पडतो आणि आधीचे रहिवासी त्याच्यासह सुटकेचा बेत रचू लागतात. मूरिश आयडल, पिवळा टँग, जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा डॅमसेल, फुगणारा पफर, काचेला चिकटलेला तारामासा आणि स्वच्छतेचं वेड लागलेली क्लीनर कोळंबी. पटकथेसाठी मंडळी झकास निवडली आहेत. पण हीच यादी घेऊन कोणी दुकानात गेलं, तर काही महिन्यांत टाकी अर्धी रिकामी होईल. पफर भुकेच्या पहिल्या झटक्यात कोळंबी फस्त करील. डॅमसेल ग्रामाला कपारीतून हुसकत राहील. मूरिश आयडल समुद्रात मुख्यतः स्पंज कुरतडून जगतो. टाकीत काहीही घाला, बहुतेक वेळा तो तोंड लावत नाही आणि झिजत जातो. टँगला पोहायला जागा पुरणार नाही आणि तारामासा बहुधा उपाशी राहील. तीन फुटी घरगुती टाकीत सुखाने नांदतील असे त्या गटातले तिघेच: निमो, ग्रामा आणि कोळंबी.

खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने लावणारे पाण्याचा अभ्यास मनापासून करतात. मीठ कोणतं, स्किमर केवढा, दिवे किती वॅटचे, हे सगळं पाठ असतं. मासे मात्र दुकानात उभं राहून, रंग बघून ठरतात. गोड्या पाण्यात गप्पी आणि मॉलीवर हे खपून जातं. समुद्री माशांत खपत नाही, कारण त्यातले बरेचसे प्रवाळाच्या खडकावरून पकडून आणलेले असतात. तिथे स्वतःची कपार राखायची आणि नको असलेल्या शेजाऱ्याला पिटाळायचं ही त्यांची रोजची कामं. खडकावर हरलेला मासा वीस फूट लांब निघून जातो. काचेच्या पेटीत तो कोपऱ्यात दबून बसतो, खाणं सोडतो आणि मरतो. म्हणून यादी घरी, कागदावर करायची आणि मगच बाहेर पडायचं.

या लेखापुरती एक टाकी डोळ्यांपुढे ठेवू: तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण १८० लिटर. दगड-वाळू घातल्यावर पाणी उरतं १४०–१५० लिटर. आपल्याकडे बहुतेक लोक सुरुवात याच मापाने करतात आणि ते ठीक आहे. पाणी आरओचं, त्यात समुद्री टाक्यांसाठीचं मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, तापमान २५–२६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, हे जमलं आहे असं मी धरतो. पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्यांनी एप्रिल-मेचा विचार आधीच करावा. पाणी ३०–३१ अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि भांडणात दमलेला मासा पहिल्यांदा जातो. चिलर महाग आहे, हे मान्य. पण त्याच्याशिवाय उन्हाळा काढायचा असेल, तर माशांची संख्या आणखी कमी ठेवावी लागेल.

तोंड बघा, मग रंग

कोणताही मासा निवडताना आधी विचारायचं: हा खातो काय? तोंडात मावेल ते अन्न, हा समुद्राचा नियम आहे. लायनफिश शांत दिसतो, कोणाचा पाठलाग करत नाही, आणि रात्रीतून फायरफिशसारखा छोटा मासा गायब होतो. त्याचं तोंड उघडतं तेव्हा किती मोठं होतं, हे एकदा पाहिलं की शंका राहत नाही. शिवाय त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. लहान मुलांच्या घरात तो नकोच. पफर आणि ट्रिगर यांचे दात कवच फोडण्यासाठी बनलेले आहेत. पफरचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला शंख-शिंपले फोडायला लागतातच. ज्या टाकीत हे दोघं आहेत, तिथे खेकडे, कोळंब्या, गोगलगायी सोडणं म्हणजे महागडा खाऊ घालणं. ट्रिगर आवडत असेल तर खुशाल ठेवा, पण मग टाकी मोठी, सोबती दांडगे आणि सफाई तुमच्या हाताने. हॉकफिश दगडावर बसून इकडेतिकडे बघत राहतो, फार गोजिरा वाटतो. छोट्या कोळंब्यांवर त्याचा डोळा असतो.

दुसऱ्या टोकाला आहेत खाण्याचे नखरे असणारे. मँडरिन मासा दिसायला इतका सुंदर की प्रत्येक नवख्याचं मन त्याच्यावर जातं. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, एकेक टिपत फिरतो. नव्या टाकीत ते जीव नसतात. असले तरी आठवडाभरात संपतात. वर्षभर मुरलेली मोठी टाकी असेल तरच त्याचा विचार करावा. फुलपाखरू मासे, म्हणजे बटरफ्लायफिश, यांतले पुष्कळसे प्रवाळाचे पॉलिप खातात. क्लीनर रॅस हा निळा-काळा लांबट मासा 'इतर माशांच्या अंगावरचे किडे खातो' असं सांगून विकला जातो. खरं आहे, खातो. खडकावर त्याच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांची रांग असते. तुमच्या पाच माशांवर त्याचं पोट भरत नाही. तो खडकावरच राहू द्यावा.

म्हणून दुकानात विकत घेण्याआधी मासा खाताना बघायचा. गोठवलेले मायसिस किंवा आर्टेमिया दुकानदाराने समोर टाकले आणि माशाने झडप घातली, तर निम्मं काम झालं. 'आत्ताच खाऊन झालंय' हे उत्तर मिळालं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

जागा: मोठा झाल्यावर केवढा?

दुकानातला निळा टँग, म्हणजे चित्रपटातली डोरी, बोटाएवढा असतो. पूर्ण वाढला की सुमारे ३० सेंटिमीटर होतो. पिवळा टँग २० सेंटिमीटरपर्यंत जातो. दोघेही दिवसभर लांब पल्ला पोहणारे. 'लहान आहे तोवर ठेवू, मग मोठी टाकी घेऊ' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याच्यावर विश्वास बसत नाही. मोठी टाकी येत नाही. मासा खुंटतो, चिडका होतो, अंगावर पांढरे ठिपके येतात. निळ्या टँगला सहा फुटांची टाकी हवी, पिवळ्याला निदान चार फुटांची. त्यातही एकाच घराण्यातले, एकाच आकाराचे दोन टँग एकत्र ठेवू नयेत. शेपटीजवळ त्यांना चाकूसारखा काटा असतो आणि ते तो वापरतात.

आकाराइतकंच महत्त्वाचं म्हणजे मासा टाकीच्या कोणत्या मजल्यावर राहतो. गोबी तळाशी, ब्लेनी दगडावर, ग्रामा कपारीत, फायरफिश बिळाच्या तोंडाशी थोडा वर, क्लाउनफिश मधल्या पाण्यात आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात. प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब ठेवलं तर तीन फुटांतही गर्दी वाटत नाही. तळाशी राहणारे तिघे घेतले, तर वरची दोन तृतीयांश टाकी रिकामी आणि खाली रोज मारामारी.

भांडण बहुधा सारख्याशी सारख्याचं होतं. सारखा आकार, सारखा रंग, सारखं खाणं म्हणजे प्रतिस्पर्धी. रॉयल ग्रामाच्या बाबतीत यातून एक वेगळाच घोटाळा होतो. रॉयल डॉटीबॅक नावाचा दुसरा मासा जवळजवळ तसाच असतो: पुढून जांभळा, मागून पिवळा. ग्रामा बराच सोशिक, डॉटीबॅक तापट. ओळखायची खूण सोपी आहे. ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळत जातो, डोळ्यावरून एक गडद रेघ जाते आणि पाठीच्या पराच्या पुढच्या भागात काळा डाग असतो. डॉटीबॅकचे दोन रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे असतात. दोघांच्या किमतीतही फरक असतो, म्हणून 'स्वस्तातला ग्रामा' मिळाला तर जरा निरखून बघा.

क्लाउनफिशबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शंभरातले नव्वद लोक सुरुवात त्यानेच करतात आणि ती सुरुवात चांगली आहे. ओसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, काटक असतो, कोणतंही अन्न खातो. या जातीत सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी बनतो. म्हणून दोन छोटे, एक थोडा मोठा आणि एक लहान, असे एकदम घ्यावेत. थोडे दिवस मोठा धाकट्याला दटावतो, धाकटा अंग थरथरवून शरणागती पत्करतो, आणि जोडी जमते. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एकीचा जीव जातो. तीन क्लाउनफिश घेऊ नका. जोडी जमली की तिसऱ्याची रवानगी होते. मरून क्लाउन ही जात दिसायला देखणी, पण तिची मादी घरातल्या बाकी सगळ्यांवर राज्य करते. पहिल्या टाकीत ती नको.

आणि अ‍ॅनिमोन? क्लाउनफिश म्हटलं की लोकांना तो समुद्रफुलासारखा झुलणारा जीव हवाच असतो. त्याच्याशिवाय क्लाउनफिशचं काहीही अडत नाही. अ‍ॅनिमोन मात्र अवघड आहे: त्याला भक्कम प्रकाश आणि स्थिर, जुनं पाणी लागतं, मनाला येईल तेव्हा तो जागा सोडून चालू लागतो, फिरताना पंपात अडकला तर सगळी टाकी नासवतो, आणि हाताशी आलेला सुस्त मासा खातो. वर्षभर थांबा.

कोण आधी, कोण नंतर

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा प्रवासी मागून येणाऱ्याला जसा बघतो, तसा टाकीत आधी आलेला मासा नंतरच्याकडे बघतो. म्हणून भित्रे आधी सोडायचे, आडदांड शेवटी. दुर्दैवाने दुकानात याच्या नेमकं उलट सांगितलं जातं: 'आधी डॅमसेल घ्या, स्वस्त आहे, टाकी सेट होईल.' निळा डॅमसेल किंवा तीन ठिपक्यांचा काळा डॉमिनो काहीही सोसतो हे खरं. पण मग तो टाकीचा मालक होतो. पुढे घेतलेला प्रत्येक मासा त्याच्या परवानगीने जगतो किंवा मरतो. डॉमिनो तर मोठा होऊन तळहाताएवढा होतो आणि पाणी बदलताना तुमच्या हातालाही चावतो. त्याला परत पकडायचं म्हणजे अख्खी दगडांची रचना उपसणं. टाकी तयार करायला माशाची गरजच नाही. बाटलीतले जिवाणू, थोडा अमोनियाचा स्रोत आणि चार ते सहा आठवड्यांचा धीर पुरतो. डॅमसेलच हवा असेल तर पिवळ्या शेपटीचा त्यातल्या त्यात सौम्य, तोही एकच आणि शेवटी.

हिरव्या क्रोमिसचा थवा हा आणखी एक मोह. सहा आणले की पहिले काही आठवडे ते थव्याने पोहतात. मग सगळ्यात कमकुवत असेल त्याला बाकीचे टोचू लागतात. सहाचे पाच, पाचाचे चार, आणि वर्षअखेर एखाद-दुसरा उरतो. लहान टाकीत थव्याची हौस ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

नवा मासा सोडताना काही दगड हलवले तर जुन्यांच्या हद्दी विस्कटतात आणि सगळ्यांनाच नव्याने घर मांडावं लागतं. त्या गडबडीत नवा मासा सामावून जातो. दिवे बंद करून, सगळ्यांना पोटभर खायला घालून मग त्याला सोडावं. पाठलाग दोन दिवस चालला तर चालू द्या. पर फाटले, मासा पृष्ठभागाशी लटकू लागला किंवा खायला येईना, तर वेगळा काढा. भोकं पाडलेला प्लास्टिकचा पारदर्शक डबा टाकीतच टांगून दांडग्याला त्यात आठवडाभर कोंडला, तरी बऱ्याचदा भांडण मिटतं.

आता सगळ्यांना कंटाळवाणी वाटणारी पण टाळता न येणारी गोष्ट. प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवायचा. पंचवीस-तीस लिटरची पेटी, एक स्पंज फिल्टर, प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे लपायला, एवढं पुरतं. समुद्री माशांवर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरियन हा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की दगड आणि वाळूत त्याच्या गाठी राहतात. तो संपवायचा तर टाकी सुमारे ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. त्यावरचं खात्रीचं औषध तांबं, आणि तांब्याने कोळंबी, खेकडे, गोगलगायी, प्रवाळ सगळे मरतात. म्हणून तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीही ओतायचं नाही, दुकानदाराने 'कमी डोस चालतो' असं सांगितलं तरी.

सफाईवाले

'क्लीनअप क्रू' या नावाने लोकांचा मोठा गैरसमज झाला आहे. टाकी घाण झाली की चार गोगलगायी आणायच्या, जणू घरकामाला माणूस ठेवला. शेवाळ वाढतं ते जास्त खायला घातल्याने, नळाचं पाणी वापरल्याने, दिवे बारा-बारा तास चालू ठेवल्याने. ती कारणं तशीच ठेवून गोगलगायी कितीही आणा, त्या हरतात. आणि गोगलगाय हीसुद्धा विष्ठा टाकते, हे विसरून चालत नाही. कारणं आटोक्यात असतील तर उरलेलं काम या जिवांकडून उत्तम होतं, मात्र प्रत्येकाचं खातं वेगळं आहे.

काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ खरवडायला ट्रोकस गोगलगाय सगळ्यांत चांगली. पाठीवर पडली तरी ती आपली आपण सुलटी होते. अ‍ॅस्ट्रिया नावाची पिरॅमिडसारखी गोगलगाय काम तेवढंच करते, पण उलटी पडली की तशीच पडून राहते आणि खेकड्यांच्या तोंडी जाते. ती असेल तर रोज सकाळी एकदा टाकीत नजर टाकावी लागते. टर्बो मोठा, खादाड, आणि चालताना वाटेतलं सगळं पाडणारा. सेरिथ छोटा, रात्री काम करणारा, वाळूच्या वरच्या थरात शिरणारा. याला फारसं कोणी विचारत नाही आणि तो फार उपयोगी आहे. नॅसेरियस शेवाळ खातच नाही. तो वाळूत गाडून घेऊन बसतो, फक्त सोंड बाहेर. खाद्याचा वास आला की वाळू फोडून सगळे एकदम वर येतात आणि खाली पडलेले तुकडे संपवतात. मुलांना दाखवावं असं ते दृश्य असतं. काचेवर शेवाळ आहे म्हणून कोणी नॅसेरियस देत असेल, तर त्याला शेवाळ खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या गोगलगायींतला फरक माहीत नाही असं समजावं.

हर्मिट क्रॅबबद्दल मतं दोन आहेत. निळ्या पायांचे छोटे हर्मिट कानाकोपऱ्यातलं शेवाळ आणि उरलंसुरलं खातात. पण वाढताना त्यांना मोठं घर लागतं, आणि आवडता शंख गोगलगायीच्या पाठीवर दिसला तर ते तिला ठार करून तो घेतात. रिकामे शंख टाकून ठेवले तर हा प्रकार कमी होतो, बंद होत नाही. लाल पायांचे त्यातल्या त्यात शांत. मी लहान टाकीला हर्मिटशिवाय राहायला सांगेन. गोगलगायी त्यांचं बरंचसं काम करतात. बबल शेवाळ, म्हणजे हिरव्या काचेच्या गोट्यांसारखं जे दगडावर उगवतं, ते झालं असेल तर एखादा एमराल्ड क्रॅब उपयोगी पडतो. तो मोठा झाला की त्याच्यावर नजर ठेवा.

क्लीनर कोळंबी, लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली, हिच्या मिशा हलताना दिसल्या की माशांची गर्दी जमते. ती माशांच्या अंगावरून, कधी तोंडातूनही, मेलेली कातडी आणि कण टिपते. तिच्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बरा होतो ही समजूत मात्र चुकीची. अधूनमधून ती कात टाकते आणि टाकीच्या तळाशी कोळंबीचं हुबेहूब पोकळ शरीर दिसतं. घाबरू नका, खरी कोळंबी दगडामागे नवं कवच घट्ट होण्याची वाट पाहत असते. पेपरमिंट कोळंबी एप्टेझिया या तापदायक, झपाट्याने पसरणाऱ्या छोट्या अ‍ॅनिमोनला खाते. तिच्या नावाखाली कधी कधी कॅमल कोळंबी दिली जाते, जी प्रवाळ खाते. पाठीवर कुबड आणि ठळक पांढरे-लाल पट्टे दिसले तर ती कॅमल.

तारामाशांपासून बहुतेकांनी दूर राहावं. वाळू चाळणारा तारामासा वाळूतले सगळे उपयोगी जीव खाऊन टाकतो आणि मग स्वतः उपाशी मरतो. चॉकलेट चिप नावाचा तारामासा प्रवाळ खातो. हिरवा ब्रिटल स्टार मोठा झाला की झोपलेला मासा पकडतो. समुद्रकाकडी मेली किंवा पंपात सापडली तर तिच्या अंगातलं विष टाकीतल्या माशांचा जीव घेऊ शकतं. ती आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे प्रश्नच मिटतो. समुद्रघोडे आणि खडक बांधणारी प्रवाळं यांनाही हाच कायदा लागू आहे.

खेकडा, गोगलगाय, कोळंबी, कोणीही आणलं तरी पिशवीतलं पाणी आणि टाकीचं पाणी हळूहळू मिसळायचं. बारीक नळीला गाठ मारून थेंब-थेंब पाणी तास-दीड तास सोडावं. खारटपणातला फरक मासा एकवेळ सोसतो, या जिवांना सोसत नाही. टाकीतलं पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे उरतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची घालायची, मिठाची नव्हे.

तीन फुटी टाकीची एक यादी

मला कोणी तीन फुटांसाठी यादी मागितली, तर मी अशी देईन. पाणी तयार झाल्यावर काचेवर तपकिरी थर येतो, ते डायटम. तो आला की तीन ट्रोकस, तीन-चार सेरिथ. दोन-तीन आठवड्यांनी तीन नॅसेरियस आणि एक क्लीनर कोळंबी. मग पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्याबरोबर पिस्तुल कोळंबी. ही जोडी समुद्रातही एकत्रच राहते: कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते, गोबी दाराशी पहारा देतो, आणि कोळंबीची एक मिशी कायम त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो, दोघंही आत. तासन्‌तास बघत बसावं असं हे बिऱ्हाड आहे. फक्त दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवा, नाहीतर तिच्या खणण्याने ढीग कोसळेल.

गोबीबरोबरच, त्याच विलगीकरणाच्या पेटीतून, टेलस्पॉट ब्लेनी. टाकीत थोडं शेवाळ आलेलं हवं, नाहीतर त्याला नोरीचा, म्हणजे सुशीला वापरतात त्या वाळवलेल्या शेवाळाचा, तुकडा अधूनमधून द्या. मग क्लाउनफिशची जोडी. सगळ्यांत शेवटी एक रॉयल ग्रामा, किंवा त्याच्याऐवजी एक बांगाई कार्डिनल. कार्डिनलचा नर अंडी आणि पुढे पिल्लंही तोंडात सांभाळतो. हा मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा आहे आणि पकडापकडीमुळे संकटात आहे, म्हणून टाकीत जन्मलेलाच घ्यावा. एवढे पाच मासे. प्रत्येकाचे विलगीकरणाचे आठवडे धरले तर यादी पूर्ण व्हायला चार-पाच महिने लागतात. सहावा मासा घ्यावासा वाटेल. फायरफिश चालेल, तो भित्रा असल्याने ग्रामाच्या आधी. टाकीवर जाळी मात्र हवीच, कारण फायरफिश उडी मारतो आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो. सातवा नको. सहा पट्ट्यांचा रॅस या यादीत कुठेच नाही. देखणा आहे, पण लहान टाकीत तो इतरांना छळतो.

मासे टाकीत जन्मलेले मिळतात का, हे आता विचारायलाच हवं. क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत समुद्री माशांची पैदास होते. पिवळा टँग २०१५ साली हवाईत आणि निळा टँग २०१६ साली फ्लोरिडात पहिल्यांदा टाकीत वाढवला गेला. टाकीतला मासा चार पैसे महाग पडतो, पण पेलेट खायला शिकलेला असतो, परजीवी कमी आणतो, आणि खडकावर सायनाइड फवारून पकडलेला तर नक्कीच नसतो.

कोकणात सुट्टीला गेल्यावर ओहोटीच्या डबक्यातून काही उचलून आणण्याचा मोह अनेकांना होतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. इतर किनाऱ्यांवरही नको. डबक्यातला पट्टेवाला सार्जंट मेजर वर्षभरात वीतभर होऊन सगळ्यांना पळता भुई थोडी करतो, आणि नक्षीदार कोन शंखातल्या जिवाचा डंख माणसाचाही जीव घेऊ शकतो. जुहू-दादरचं पाणी टाकीत वापरण्याचा तर विचारही करू नये.

शेवटची विनंती: एखादा मासा जमला नाही, मोठा झाला, भांडकुदळ निघाला, तर त्याला समुद्रात, खाडीत किंवा तळ्यात सोडू नका. मूळचा हिंदी-पॅसिफिक महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ दिसला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. त्यामागे घरगुती टाक्यांतून सोडलेले मासे असावेत असं मानलं जातं. मासा परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा. घेणारा दुकानदार थोडा महाग असला तरी त्याच्याकडूनच घ्या.